मिशी येते म्हणून शाळा बुडवणाऱ्या पोरींसाठी: खान्देशातल्या शाळांना खुलं पत्र

प्रति,
जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतल्या शाळांचे मुख्याध्यापक, विज्ञान शिकवणारे सर-मॅडम आणि शाळा व्यवस्थापन समितीची मंडळी,

सप्रेम नमस्कार.

मी चाळीसगाव तालुक्यात लेडीज पार्लर चालवते. त्याआधी झूलॉजीत बीएस्सी केलंय. म्हणजे पुस्तकातलं थोडंफार माहीत आहे आणि रोज हाताखालून चेहरेही जातात, म्हणून हे पत्र लिहायचा मला हक्क आहे असं मी समजते. तुमच्या शाळेतल्या सातवी-आठवीच्या मुली माझ्याकडे अपरलिप करायला येतात. काही आईसोबत येतात, काही मैत्रिणीला घेऊन आईच्या नकळत येतात, खाऊचे पैसे साठवून. खुर्चीत बसल्या बसल्या पहिला प्रश्न ठरलेला, ताई, परत येणारच नाही असं काही आहे का हो?

थ्रेडिंग काय असतं हे पुरुष शिक्षकांना कदाचित माहीत नसेल म्हणून सांगते. दोऱ्याचं एक टोक आम्ही दातात धरतो, दोन्ही हातांत पीळ धरतो आणि त्या पिळात केस पकडून मुळासकट उपटतो. ओठाच्या वर ते सगळ्यात जास्त झोंबतं. मुलीला सांगावं लागतं की जीभ आतून वर लाव, म्हणजे कातडी ताणली जाते, आणि पहिल्या दोन-तीन झटक्यांतच डोळ्यांतून आपोआप पाणी यायला लागतं. मोठ्या बायकांच्या पण येतं. पण बारा-तेरा वर्षांची पोर ते सगळं सहन करते, लाल झालेला ओठ आरशात अगदी जवळ जाऊन बघते आणि विचारते, ताई उद्यापर्यंत लाली जाईल ना, नाहीतर वर्गात कळेल. म्हणजे केस दिसले तरी चिडवणार आणि काढले हे कळलं तरी चिडवणार, पोरीने करायचं काय?

वर्गात काय बोलतात ते तुम्हाला माहीत आहे, नसेल तर माहीत करून घ्या. मिशीवाली, दादा, दाढी कधी करणार. एका शाळेत (नाव घेत नाही) गॅदरिंगच्या नाटकात मावळ्याचं काम एका मुलीला दिलं आणि मॅडमच सगळ्यांसमोर म्हणाल्या की तुला काही वेगळी मिशी चिकटवायला नको. सगळे हसले. ती पोर पुढचे कितीतरी दिवस शाळेत गेली नाही, पोटात दुखतं म्हणून घरी पडून राहायची, शेवटी तिची आई तिला घेऊन माझ्याकडे आली. त्या मॅडमच्या मनात वाईट काही नसेल हे मी मान्य करते. पण शाळेत शिक्षकाने एकदा हसून घेतलं की बाकीच्यांना परवानगी मिळते, आणि मग ते नाव दहावीपर्यंत चिकटतं.

दुसरी गोष्ट बाह्यांची. आपल्याकडे मार्च संपता संपता पारा चाळिशीच्या वर जातो, मे महिन्यात जळगाव-भुसावळला ४५ च्या पुढे जातो, आणि अशा उन्हाच्या दिवसांत तुमच्या वर्गात एखादी मुलगी गणवेशाच्या आत फुल बाह्यांचं टी-शर्ट घालून बसलेली असेल, किंवा स्कार्फ वर्गात आल्यावर पण तोंडावरून काढत नसेल, तर ऊन लागतं म्हणून असेल असं समजून सोडून देऊ नका. तिच्या हातावर केस आहेत, ओठावर लव आहे, एवढंच कारण असू शकतं. अशा मुली मी बघते, काखेत घामोळ्यांनी पार लाल झालेल्या असतात.

आता विज्ञानाचं बोलू, कारण माझी मागणी विज्ञानाच्या तासाबद्दलच आहे.

माणसाच्या अंगावर साधारण ५० लाख केसांची मुळं असतात. त्यातली डोक्यावर फक्त एक लाखाच्या आसपास, बाकी सगळी अंगावर. तळहात, तळपाय, ओठांचा लाल भाग अशा थोड्या जागा सोडल्या तर कातडीचा असा भागच नाही जिथे केस नाही. आणि ही सगळी मुळं आईच्या पोटातच तयार होतात, जन्मल्यानंतर एकही नवीन तयार होत नाही. म्हणजे आठवीतल्या मुलीच्या ओठावर जे दिसतंय ते नवीन उगवलेलं नाही, ते मूळ तिच्या जन्माच्या दिवशी पण तिथेच होतं. चिंपांझीच्या अंगावर आपल्यापेक्षा जास्त केस दिसतात, पण मुळांची दाटी आपली पण जवळपास तेवढीच असते, फरक इतकाच की आपले बहुतेक केस बारीक, आखूड आणि फिकट झाले.

पोटात पाचव्या महिन्याच्या सुमारास बाळाच्या अंगभर मऊ लव येते आणि बहुतेक वेळा जन्माआधीच गळून जाते, दिवस भरायच्या आधी झालेल्या बाळाच्या पाठीवर-खांद्यावर ती चांगली दिसते. आपल्याकडे काय करतात, आंघोळीच्या वेळी पिठाचा गोळा घेऊन ती लव चोळून चोळून काढतात, बाळ रडून लाल होतं, आणि मुलगी असली तर जास्तच चोळतात की मोठेपणी अंगावर केस नकोत. ती लव आपोआप जाते हो. चोळण्याने मूळ मरत नाही, फक्त कातडी सोलवटते. म्हणजे पोरीच्या अंगावरच्या केसांची काळजी आपण ती महिन्याची पण झालेली नसते तेव्हापासून सुरू करतो.

मग वयात येताना काय होतं? मुलांच्या अंगात अँड्रोजन हार्मोन असतात हे सगळे शिकवतात, पण ते मुलींच्या अंगात पण असतात, बीजांडकोशात तयार होतात आणि किडनीच्या वर ज्या अॅड्रिनल ग्रंथी असतात त्यात तयार होतात. प्रमाण कमी असतं, पण असतात, आणि असायलाच पाहिजेत. काखेत आणि जांघेत मुलींना जे केस येतात ते याच हार्मोनमुळे. हेच हार्मोन त्या बारीक लवेला जाड, काळा केस करतात. कुठल्या जागेचं मूळ त्या हार्मोनला किती दाद देणार हे बरंचसं आई-वडिलांकडून येतं, म्हणून दोन मुलींच्या रक्तात हार्मोन सारखंच असलं तरी एकीच्या ओठावर काही दिसत नाही आणि दुसरीच्या दिसतं. आत्याला असेल, आजीला असेल, तर तिला पण येईल. यात तिने काय केलं?

केस ठरलेल्या लांबीलाच का थांबतो हा प्रश्न मला मुली नेहमी विचारतात. डोक्यावरचा केस २ ते ६ वर्षं वाढत राहतो आणि मग गळतो, भुवईचा काही महिन्यांतच थांबतो, हाताचा पण तसाच. हे मुळाच्या घड्याळावर आहे. आणि केस काढला की दाट येतो, हा समज तर आपल्याकडे शिक्षकांच्या घरात पण आहे. रेझर लावू नको दाढी येईल असं आई मुलीला सांगते, आणि तीच आई मुलाला सांगते की रेझर लाव म्हणजे मिशी लवकर येईल. १९२८ साली मिल्ड्रेड ट्रॉटर नावाच्या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ बाईंनी पुरुषांच्या दाढीवर हे मोजून बघितलं, तर काढल्याने केस जाड पण होत नाही आणि वेगाने पण वाढत नाही. केसाचं निमुळतं टोक कापलं जातं आणि बोथट टोक वर येतं म्हणून हाताला ते खरखरीत लागतं, एवढंच. जवळपास शंभर वर्षं झाली या गोष्टीला, अजून चाळीसगावात पोहोचली नाही.

अंगावरच्या केसांचा उपयोग काय, हे पण सांगा मुलांना. प्रत्येक केसाच्या मुळाशी नस असते, मुंगी हातावर चढली तर कातडीच्या आधी केसाला कळतं. २०११ साली इंग्लंडमधल्या शेफील्डच्या संशोधकांनी लोकांच्या हातावर ढेकूण सोडून बघितले, एक हात केस काढलेला आणि एक तसाच, तर केसवाल्या हातावर ढेकूण लवकर कळला आणि त्याला चावायला जागा शोधायला पण जास्त वेळ लागला. आणि आपले केस बारीक का झाले याचं एक मोठं कारण शास्त्रज्ञ उष्णता सांगतात, उघड्या उन्हात चालणाऱ्या-पळणाऱ्या आपल्या पूर्वजांना घामाने अंग थंड करायचं होतं, माणसाच्या कातडीत २० ते ४० लाख घामाच्या ग्रंथी आहेत, दाट केसांत घाम वाळत नाही. खान्देशातल्या मुलांना हे शिकवायला वेगळं उदाहरण पण लागणार नाही, एप्रिलमध्ये खिडकी उघडली की झालं.

हे सगळं दहावीच्या प्रजननाच्या धड्याच्या आसपास सहज शिकवता येतं, पण कितीतरी शाळांत तो धडाच "घरी वाचून या" म्हणून सोडतात, किंवा मुलींना वेगळं बसवून मॅडम दहा मिनिटांत उरकतात. आणि दहावीत शिकवून उशीर होतो, केस तर सहावी-सातवीत येतात. मग मुली माहिती कुठून घेणार? मोबाईलवरून, नाहीतर माझ्या खुर्चीतून. पार्लरमध्ये पोरीला तिच्या शरीराबद्दल पहिल्यांदा काही कळावं हे बरोबर नाही, आणि सगळ्या पार्लरमध्ये बरोबर सांगतातच असंही नाही, कारण जितकी भीती तितकं गिऱ्हाईक.

पार्लरच्या बाहेर तर अजून वाईट आहे. गावाकडे गोवरीची राख लावून चिमटीने केस उपटतात, त्यात पुळ्या होतात, पू होतो. केस काढायची क्रीम पाच मिनिटांऐवजी अर्धा तास ठेवतात आणि ओठ भाजून येतात. पण मला सगळ्यात जास्त काळजी गोरं करणाऱ्या क्रीमची वाटते. मेडिकलवर चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या कितीतरी ट्यूबमध्ये स्टिरॉइड असतं, पहिले काही आठवडे चेहरा उजळतो, मग कातडी पातळ होते, लाल होते, पुरळ येतं, आणि चेहऱ्यावर केस वाढतात. म्हणजे रंगासाठी लावलं आणि केस पदरात पडले, मग ते काढायला माझ्याकडे. माझ्याकडे अशी मुलगी आली की मी दोरा हातात घेत नाही, आधी ती ट्यूब बघायला मागते.

आता एक बाजू अशी आहे जिथे डॉक्टर लागतो, आणि तिथे शाळा मदत करू शकते. हनुवटीवर, छातीवर, पोटावर बेंबीखाली जाड काळे केस येतात, पाळी महिनोन्महिने येत नाही, वजन वाढतं, मुरूम जात नाहीत, मान काळी पडते, हे सगळं सोबत असेल तर पीसीओएस, म्हणजे बीजांडकोश आणि हार्मोन बिघडण्याचा आजार, असू शकतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मूल होण्याच्या वयातल्या शंभरातल्या दहा ते तेरा बायकांना तो असतो, आणि कितीतरी जणींना कळलेलंच नसतं. बायकांच्या अंगावर जास्त केस येण्याचं सगळ्यात मोठं कारण तेच आहे. त्या काळ्या मानेला घरात मळ म्हणतात आणि दगडाने घासतात हो पोरीला, आणि शाळेत पण म्हणतात आंघोळ करत नाही का. तो मळ नसतो, बहुतेक वेळा शरीरात इन्सुलिन नीट काम करत नसल्याची ती खूण असते. आणि केस जर काही महिन्यांतच झपाट्याने वाढले, आवाज जाड व्हायला लागला, तर अजिबात वाट न बघता दवाखान्यात न्यायचं.

पण उलट घाबरवू पण नका. पाळी सुरू झाल्यावर पहिली दोन-तीन वर्षं ती मागेपुढे होतेच, आणि ओठावर थोडी लव, हातावर केस, हा आजार नाही. डॉक्टर लोकं १९६१ पासून एक मोजपट्टी वापरतात, फेरीमन आणि गॅल्वे या दोघांच्या नावाची, आता त्यात शरीराचे नऊ भाग बघतात आणि प्रत्येकाला गुण देतात. म्हणजे एका ओठावरून कोणी ठरवत नाही. सरकारी दवाखान्यात किशोरवयीन मुलामुलींसाठी मैत्री क्लिनिक असतं, तिथे फुकट बोलता येतं, पण ते आहे हेच मुलींना माहीत नाही. तुमच्या शाळेत आरोग्य तपासणीचं पथक येतं ना, वजन-उंची बघतात, दात बघतात, डोळे बघतात. तेव्हा लेडी डॉक्टरला पाच मिनिटं मुलींशी दार लावून बोलायला सांगा, वर्गाच्या समोर नाही.

आणि लाजेचं म्हणाल तर ही लाज काही आभाळातून पडलेली नाही. अमेरिकेत १९१५ च्या सुमाराला बिनबाह्यांचे झगे आले आणि जिलेट कंपनीने बायकांसाठी वेगळा रेझर काढला, मग काखेतले केस कसे ओंगळ दिसतात याच्या जाहिराती सुरू झाल्या. विकायचं होतं म्हणून आधी लाज तयार केली. आपल्याकडे केसांवरून बाईला छळायची पद्धत जुनीच आहे, नवरा मेला की डोकं भादरायचे. १८९० च्या सुमाराला महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक विचारांतून नाभिक बांधवांनी विधवांचं केशवपन करायला नकार दिला, रोजची कमाई गेली तरी. ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांनीच नाही म्हटलं. मला ही गोष्ट फार मोठी वाटते आणि मी ती माझ्या धंद्याला लावून घेतलीय, शाळकरी मुलीला आईशिवाय मी हात लावत नाही, वॅक्स आणि ब्लीच तर नाहीच नाही, आणि आई आली तरी आधी तिला बसवून हे सगळं सांगते.

मी केस काढण्याच्या विरोधात नाही, माझं घर त्यावरच चालतं. आखाजीला माहेरी आलेल्या लेकी, लग्नसराईतल्या नवऱ्या, कानबाईच्या आदल्या दिवशी येणाऱ्या बायका, सगळ्या हौसेने येतात आणि मी आनंदाने करते. जैन साधू-साध्वी केशलोच करतात, हाताने केस उपटतात, तो त्यांच्या व्रताचा भाग आहे. शीख केस राखतात, तो त्यांच्या धर्माचा भाग आहे. ज्याला काढायचे त्याने काढावे, ठेवायचे त्याने ठेवावे. पण बारा वर्षांच्या पोरीने वर्गातल्या पोरांच्या भीतीने काढावे, हे हौस पण नाही आणि व्रत पण नाही.

२०२४ मध्ये उत्तर प्रदेश बोर्डात दहावीला एक मुलगी राज्यात पहिली आली, ९८.५० टक्के. पेपरात फोटो आला आणि देशभरच्या लोकांनी तिच्या मार्कांपेक्षा तिच्या ओठावरचे केस बघितले. काय काय लिहिलं हो तिला, मोठ्या मोठ्या माणसांनी. ते लिहिणारे पण कुठल्यातरी शाळेत शिकले असतील ना, त्यांना पण कोणीतरी हा धडा घरी वाचून या म्हटलं असेल.

मुलांचं पण विसरू नका. ज्याला नववीत पण मिशी फुटत नाही त्याला चिकना, बायल्या म्हणतात, आणि तो गुपचूप वडिलांचा वस्तरा फिरवून गाल कापून घेतो. वयात यायला कोणाला अकराव्या वर्षी सुरुवात होते, कोणाला चौदाव्या, दोन्ही ठीक आहे. हे वर्गात एकदा मोकळेपणाने सांगितलं तर तो पण सुटेल आणि दुसऱ्याला चिडवायचं पण थोडं कमी करेल, कारण जास्त चिडवतात ते बऱ्याचदा स्वतः घाबरलेले असतात.

तर माझं मागणं एवढंच आहे की सातवीपासून हा विषय मुला-मुलींना एकाच वर्गात, एकत्र बसवून शिकवा. मुलींना वेगळं बसवलं की मुलांना वाटतं हे काहीतरी लपवायचं आहे, आणि जे लपवायचं असतं त्यावरच ती हसतात. अंगावरच्या केसांवरून, रंगावरून, जाडीवरून नाव ठेवणं शाळेत चालणार नाही हे प्रार्थनेच्या वेळी मुख्याध्यापकांनी स्वतः सांगा आणि शिक्षकांच्या मीटिंगमध्ये पण सांगा. पालक सभेत मार्कांसोबत दहा मिनिटं यावर बोला, कारण घरात आजी नातीकडे बघून म्हणते, "माय वं, पोरले मिशी उनी, आते इन्हं लगीन कसं व्हई!" आणि तिथूनच सगळं सुरू होतं. आईला माहिती असेल तर ती आजीला समजावेल, आजी पण ऐकते हो, माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी म्हाताऱ्यांनी ऐकलंय.

जूनमध्ये शाळा उघडतील तेव्हा पहिल्या महिन्यातच हा तास ठेवा, गॅदरिंगच्या आधी. विज्ञानाच्या शिक्षकांना बोलायला संकोच वाटत असेल तर तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयाला पत्र द्या, तिथल्या डॉक्टर किंवा समुपदेशक मॅडम येतात. तेही जमत नसेल तर मला बोलवा. दुपारी २ ते ४ माझ्याकडे गिऱ्हाईक नसतं, त्या वेळात चाळीसगाव, पाचोरा, भडगावपर्यंत मी स्वतःच्या गाडीवर येईन, मानधन नको, फक्त तास पूर्ण द्या आणि वर्गशिक्षकांनी पण मागे बसून ऐकावं.

आपली,
चाळीसगाव तालुक्यातली एक पार्लरवाली ताई